पेन पुढं, रेघ मागं

१

रत्नानं गणपतीच्या सोंडेवरून पेन फिरवलं, उचललं आणि हात मांडीवर ठेवला. पडद्यावर सोंड अजून सुरूही झाली नव्हती. मग कुणाचा हात नसताना एक काळी रेघ गांडुळासारखी सरपटत निघाली, मध्येच थांबली, पुन्हा निघाली आणि थेट गणपतीच्या कानात शिरली.

"अरं, सोंड कुठं चाललीय?" कमळू म्हणाला. बॅनर त्याच्या मंडळाचा होता. मागं उभी असलेली त्याची पोरं हसली.

रत्ना हसली नाही. तिनं रेघ पुसायला घेतली, तर पुसणंही तसंच. हात आधी, पुसणं नंतर. पुसता पुसता कानच गेला.

आतल्या खोलीतून माझा मुलगा सुरेंद्र बाहेर आला. कान गेलेला गणपती त्यानं पाहिला, हसणारी पोरं पाहिली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बस झालं. हिनं पेन धरल्यापासून मशीन बसलंय. पायगुणच तसला. रत्ने, शनिवारी बापाला बोलव नि त्याच्याबरोबर घरी जा."

मी गल्ल्यामागं सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवला.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या श्रावणातली. आमचं फोटोचं दुकान शहापूरच्या बाजारात. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा जुने फाटलेले फोटो साफ करणं, मंडळांचे बॅनर, वाढदिवसाचे फलक यावर दुकान चालतं. ते काम सगळं संगणकावर. त्याला जोडलेली एक काळी सपाट पाटी असते, तिच्यावर पेन फिरवायचं की चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं. शाई नाही, कागद नाही. ही विद्या माझ्या सुनेची, स्नेहलची. ती दुसऱ्या बाळंतपणाला टेकली तेव्हा तिच्या जागी कुणीतरी हवं होतं, आणि रत्नाला मी आणली. मी. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळेच्या भिंतीवर तिनं काढलेले बैल मी पाहिले होते. बैल असे, की कासरा धरावासा वाटे.

तेव्हा रत्नाचा पायगुण वाईट, याचा अर्थ माझी नजर वाईट. ते मी माझ्या पोटच्या पोराकडूनसुद्धा ऐकून घेणार नव्हते.

आणि रत्नाचं काय होतं, तेही सांगते. ती तानशाकडच्या वाडीवरची, यमाजी मुकण्याची मुलगी. दिवाळी झाली की तिचे आईबाप भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात, ते पाऊस तोंडावर आला की परततात. यमाजीनं तिला सांगून ठेवलं होतं, दुकानातलं काम टिकलं तर राहा, नाही टिकलं तर यंदा तूपण भट्टीवर. वाडीवरची एकही पोर आजवर खुर्चीवर बसून काम करत नव्हती. शनिवारी ती खुर्ची गेली, तर दिवाळीनंतर चिखल तुडवायचा होता.

"सुरेंद्र," मी म्हटलं, "शनिवार यायचाय अजून. तोवर मशीनला काय झालंय ते मी बघते."

"तू? आये, तुला ते चालू कुठनं करतात ते ठाऊक हाय का?"

"तुला चालायला कुणी शिकवलं ते ठाऊक हाय ना? मग गप."

कमळूची पोरं आता त्याला हसली. मी बटव्यात सुपारी भरली. एवढं मला तेव्हाच कळलं होतं, की यंत्राला पायगुण कळत नाही. त्याला कुणीतरी काहीतरी करत होतं. आणि बाहेरचा माणूस गल्ला ओलांडून आत येत नाही. करणारा आमच्यातलाच होता.

२

पहिल्यांदा बोलावला पाठारेला. हा कल्याणचा मेकॅनिक. याआधीही दोनदा दुपारचा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळेला मशीन त्याच्यासमोर शहाण्या सुनेसारखं वागलं होतं.

आमचं मशीन कुठं ठेवलंय ते आधी समजून घ्या. दुकानाचे दोन भाग. पुढं गल्ला आणि रत्नाची खुर्ची. मागं फोटो काढायची खोली, तिथं सुरेंद्रचं राज्य. मधल्या लाकडी भिंतीतच सुतारानं कपाट बसवलंय आणि त्यात संगणकाचा डबा. उंदीर आत शिरून वायरी कुरतडतात म्हणून कपाट पक्कं बंद. रत्नाच्या बाजूनं फक्त बोट जाईल एवढं बटणाचं भोक आणि तबकडी घालायची फट. दार मागं, सुरेंद्रच्या खोलीत.

पाठारे येणार म्हटलं की सुरेंद्र आधी जाऊन कपाट झाडून पुसून ठेवायचा. परक्यासमोर घाण दिसू नये, असं वळण मीच लावलंय त्याला.

पाठारेनं दार उघडलं, आत बॅटरी मारली, मग खुर्चीवर बसून पेन फिरवलं. रेघ पेनाच्या टोकाला चिकटून पळाली.

"बघा आजी. काय झालंय याला? मख्खन."

"तू आलास की मख्खन. तू गेलास की गुरांचं आंबोण. दोनदा वायर बदललीस, पाटीचा प्रोग्राम काढून परत घातलास. आता मला सांग, असं मशीन मंद कशानं होतं? सगळी कारणं सांग. मला कळणार नाय असं समजून सोडू नको."

त्यानं बोटं मोडली. "चित्र फार मोठं असेल तर होतं. पण हेच चित्र माझ्यासमोर पळतंय. आतली जागा भरली तर होतं. ती मी मागच्या वेळेला रिकामी केली. व्हायरस शिरला तर होतं. तोही बघितला, नाय. पेन, पाटी, वायर, सगळं चांगलं. तापलं तरी होतं. फार तापलं की आतला मेंदू जळू नये म्हणून स्वतःच दमानं चालतो. पण हे बघा, हात लावा."

मी कपाटात हात घातला. डबा गार. आतला पंखा स्वच्छ, फिरत होता.

"मग राहिलं काय?"

पाठारेनं रत्नाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आवाज खाली आणला. "आजी, राग मानू नका. यंत्रात दोष नसला की दोष चालवणाऱ्यात असतो."

रत्नानं ते ऐकलं. ती पेन घेऊन खुर्चीवर बसली, पाठारेच्या तोंडाकडं बघत त्याचंच तोंड काढलं, पुढं आलेल्या दातांसकट. रेघ कुठंही अडकली नाही. पाठारे छत्री घेऊन निघाला.

आणि तो एसटी स्टँडपर्यंत पोचला असेल नसेल, सुरेंद्र जेवणाचा डबा आणायला घरी जाऊन आला, आम्ही जेवलो, रत्नानं पेन उचललं, आणि रेघ पुन्हा मागं राहिली.

३

दुसरा आदेश. हा माझ्या मुरबाडच्या लेकीचा मुलगा. कल्याणला कसलासा कोर्स केलेला, केसांना चिकट काहीतरी लावणारा. मुरबाडहून एसटीनं येतो, तो डब्याच्या वेळेलाच पोचतो, कारण डब्यात त्याचाही वाटा असतो. त्याला रत्नाची खुर्ची हवी होती, आणि त्यानं ते लपवलंही नव्हतं.

मी त्याला बाहेरच्या पायरीवर घेतला.

"आदेश, खरं बोल. तू आलास की मशीन बसतं. सकाळी बरं असतं. असं कसं?"

"आजी, मी काय केलं? मी तर मामाला सांगतोय कधीपासून, ट्रेन्ड माणूस पायजे. वाडीवरच्या पोरीला सॉफ्टवेअर काय कळणार?"

"माझ्या तोंडावर वाडी काढू नको. तुझी आई सिद्धगडाच्या पायथ्याला माझ्या माहेरी शेणाच्या जमिनीवर जन्मली. रत्ना जेवायला उठते तेव्हा तिच्या खुर्चीवर कोण बसतं?"

तो पायरीवरचं शेवाळ बुटानं खरवडायला लागला. "जरा क्रिकेट खेळतो."

"कुठं?"

"मशीनवर. गेम आहे. मी घातलाय. पण आजी, गेमनं मशीन बसत नाय. खेळून झालं की बंद करतो."

"पाठारे आला तेव्हा गेम होता?"

"लपवला होता."

झालं. मला वाटलं, सापडला. परका येणार म्हटल्यावर लपवतो, परका गेला की काढतो, आणि येतो नेमका मशीन बसायच्या वेळेला. त्याच्याकडून मी गेम पुसून घेतला, शेजारी उभी राहून. रत्नाला म्हटलं, गेला का बघ. ती म्हणाली, गेला. आदेशला सांगितलं, उद्या मुरबाडला घरीच बस, दुकानाची पायरी चढायची नाही.

दुसऱ्या दिवशी आदेश आला नाही. सकाळी रत्नानं कमळूच्या गणपतीला कान दिला, सोंड दिली, मुकुटाचे मणीसुद्धा भरले. मी सुपारी चघळत बसले होते, जिंकल्यासारखी.

डबा आला. आम्ही जेवलो. रत्नानं मोदकाला हात घातला, आणि मोदक पडद्यावर हळूहळू, एक एक कळी करत, तिचा हात बाजूला झाल्यावर उमलला.

"मावशी," ती म्हणाली, "आदेशदादाला उगाच घरी बसवलंत."

४

त्या दुपारी लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस, रोज जायची. बॅटरीवर एक दिवा आणि पंखा चालायचा, मशीन बंद. सुरेंद्र चहाला गेला. बाहेर पाऊस असा, की समोरचं कापडाचं दुकान दिसेना. दुकानात ओल्या छत्र्यांचा वास भरलेला. मी स्टूल ओढून रत्नाजवळ बसले.

"आता तू सांग गो. तू दिवसभर त्याच्यासमोर असतेस. ते आजारी कधी पडतं, बरं कधी होतं?"

"मी सांगितलेलं दादांना. ते म्हणले, कारणं देऊ नको."

"मला दे."

ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली. "सकाळी बरं असतं. जेवण झालं की बिघडतं. एकदम नाय, हळूहळू. आधी मोठी रेघ अडकते, मग बारीकपण. संध्याकाळपर्यंत बघवत नाय. पण लाइट गेली नि परत आली, की थोडा वेळ परत बरं. मग परत तसंच."

"लाइट गेली की बरं होतं?"

"व्हय. निजून उठल्यावानी."

मी सुपारी तोंडात धरून ठेवली, चावलीच नाही. कुणी आत काही घातलं असेल, गेम, गाणी, व्हायरस, काही, तर ते लाइट गेल्यावर निघून जात नाही. लाइट आली की परत तिथंच असतं. झोप काढून बरं वाटतं ते दमलेल्याला, नाहीतर तापलेल्याला. पाठारेनं सांगितलेल्यातलं एकच कारण यात बसत होतं, आणि तेच आम्ही हात लावून खोटं ठरवलं होतं.

"दिवसभर बरं राहिलं, असं कधी झालं?"

"पाठारे आलेला तेव्हा, तो जाईपर्यंत. नि मंगळवारी. मंगळवारी दिवसभर मस्त चाललं. आदेशदादापण होता, क्रिकेट खेळला, तरी पळत व्हतं."

"मंगळवारी काय वेगळं होतं?"

तिनं आठवलं. "काय नाय. दादा नव्हते. मुरबाडला गेलेले, शाळेच्या पोरांचे फोटो काढायला. डबा वहिनीनं रिक्षावाल्याच्या हातनं पाठवलेला."

रत्नानं ते सहज सांगितलं. तिला त्यातलं काही लागलं नाही. मला लागलं. मशीन बसतं ते डब्याच्या वेळेला. त्या वेळेला दुकानात दोघं येतात, आदेश आणि सुरेंद्र. आदेश नसतानाही ते बसलं. सुरेंद्र नव्हता, तेव्हा बसलं नाही. कपाटाचं दार सुरेंद्रच्या खोलीत. पाठारे येण्याआधी कपाट झाडणारा सुरेंद्र.

आणि रत्नाला सगळ्यांसमोर हाकलणाराही सुरेंद्रच.

लाइट आली. मी उठून कपाटाच्या पुढच्या फळीला तळहात लावला. गारच होती. मग तशीच हात लावून उभी राहिले. बसल्या बसल्या रत्ना मोदक पुसून नवा काढत होती. बऱ्याच वेळानं फळी हाताला गरम लागायला लागली. नुसती गरम नाही. दमट गरम. आंब्याच्या अढीत हात घातल्यावर लागतो ना, पेंढ्याखाली कोंडलेला, घामेजलेला उबारा, तसा. रेघ तेव्हाच मागं पडायला लागली होती.

संगणकाची ऊब कोरडी असायला हवी. ही ओली कशानं? मागं जाऊन दार उघडावं म्हटलं, तोवर सुरेंद्र चहाहून परत आला.

५

माझा मुलगा स्वतःच्या दुकानातलं मशीन का बिघडवेल? त्याला रत्ना नको होती तर सरळ नाही म्हणायचं होतं. त्याला माझी भीती वाटते, हे खरं. पण भीतीपोटी तो तोंड लपवतो, कावा करत नाही. तेवढी अक्कल त्याला नाही, हे आई म्हणून सांगते.

घरी आले. स्नेहल बाळाला पाजत बसली होती. पोराला जन्मल्यापासून खोकला होता. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, धूर नको. मी म्हटलं होतं, आमची पोरं काय वाऱ्यावर वाढली? पावसाळ्यात बाळाचे कपडे वाळवायची आमच्याकडं एकच रीत. शेगडीत कोळसे, वर टोपली पालथी, टोपलीवर लंगोट आणि दुपटी. कपडे वाळतात आणि त्यांना धुराचा वास लागतो. आमच्या घरातलं प्रत्येक मूल त्या वासात वाढलंय.

स्नेहलच्या शेजारी लंगोटांची चळत होती. घड्या घातलेली, कोरडी खडखडीत. आठवडाभर ऊन नव्हतं. मी एक उचलला, हुंगला.

धुराचा वास नव्हता.

दुसरा हुंगला. दुपटं हुंगलं. कशालाच नाही. शेगडीकडं गेले. कोळसे गार, वर बारीक बुरशीसुद्धा धरलेली. टोपली खुंटीला.

"स्नेहल, हे कुठं वाळलं?"

तिनं बाळाचं डोकं सावरल्यासारखं केलं. "वाळलं असंच, आई."

"असंच तर आपलं लुगडं चार दिवस वाळत नाय. धुतं कोण?"

तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मालिशवाली हिरी कोपऱ्यात तेल गरम करत होती. ती पदरात हसली.

"तू का हसतेस गो?"

"काय नाय बाय. तुमचा ल्योक गुणाचा हाय, येवढंच."

मी लंगोट होता तसा घडी घालून ठेवला. आता मला सगळं माहीत होतं. फक्त एक ठरवायचं राहिलं होतं. मी बोलायचं, की ज्यानं पोरीला सगळ्यांसमोर हाकललं, त्यानं सगळ्यांसमोर बोलायचं.

६

शनिवार. यमाजी सकाळीच आला. डोक्यावर इरलं, गुडघ्याएवढ्या चिखलात भरलेले पाय. ते पायरीवर धुऊन तो आत आला आणि दाराजवळ उकिडवा बसला. मी त्याला स्टूल दिलं. तो स्टुलाजवळ बसला.

पाठारेला मी निरोप धाडून बोलावलं होतं, पण सुरेंद्रला ते सांगितलं नव्हतं. आदेशही होता. कमळू बॅनर न्यायला आलेला. सुरेंद्र नेहमीसारखा डबा घेऊन आला, आतल्या खोलीत गेला, बाहेर आला, आणि तेवढ्यात येऊन बसलेल्या पाठारेला पाहून जागीच थांबला.

"हे कशाला आले?"

"मी बोलावलं. थांब, आत जाऊ नको. कपाट झाडलेलं नसलं तरी चालेल. आज ते जसं आहे तसं बघायचंय."

तो थांबला. त्याचा हात मात्र आतल्या खोलीच्या पडद्याला धरलेला राहिला.

"रत्ने, काढ."

रत्ना कमळूच्या गणपतीच्या पायाशी उंदीर काढायला बसली. आधी रेघ बरी गेली. आम्ही जेवलो. यमाजीनं भाकरी घेतली, भाजीला नको म्हणाला. मग रत्नानं शेपटी काढली, आणि शेपटी आलीच नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली. शेपटी मागाहून आली.

"बघितलंस?" मी पाठारेला म्हटलं.

त्यानं तोंडात घातलेला घास तसाच ठेवून मान हलवली.

"आता ऐका सगळे. पेन चांगलं, पाटी चांगली, हे पाठारेनं सांगितलं. रत्नाचा हात वाईट असता तर सकाळीही वाईट असता. आदेशचा गेम काढला, आदेशला घरी बसवला, तरी हे झालं. तेव्हा आदेश सुटला. खुर्ची मात्र त्याला मिळत नाय. लाइट गेली की मशीन बरं होतं, म्हणजे आत काही शिरलेलं नाय, ते तापतंय. पाठारे, तू हात लावून गार म्हणालास, कारण तू यायचास तेव्हा ते तापवणारी वस्तू तिथं नसायची. कुणीतरी आधी काढून ठेवायचं. आता इथं येऊन या फळीला हात लाव."

पाठारेनं हात लावला आणि पटकन काढला. "अरे बापरे. हे तर... ओलं कसं काय?"

"ओलं का ते सांगणारा माणूस वेगळा आहे." मी सुरेंद्रकडं पाहिलं. "मी सांगू की तू?"

माझ्या मुलाचं तोंड मी त्याच्या लग्नातसुद्धा इतकं लाल पाहिलं नव्हतं. त्यानं कमळूकडं पाहिलं. पोरं सोबत होतीच. त्यानं आदेशकडं पाहिलं. मग खाली बसलेल्या यमाजीकडं पाहिलं आणि तिथंच बघत राहिला.

"आये, नंतर..."

"पायगुण नंतर काढला होतास का?"

रत्नानं पेन फिरवून कधीच खाली ठेवलं होतं. पडद्यावर उंदराच्या मिशा उमटत होत्या, आपल्याआपण, एक एक.

सुरेंद्र आत गेला. कपाटाचं दार करकरलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक सुतळी होती, आणि सुतळीवर रांगेनं लंगोट, झबली, एक लहानसं टोपडं. त्यातून वाफ निघत होती.

"मशीनच्या मागनं गरम वारं येतं," तो म्हणाला. आवाज असा, की पुढं वाकून ऐकावं लागलं. "बाळाला धूर सोसत नाय. वाळत तर काय नाय. म्हणून मी रोज धुऊन आणायचो, डब्याच्या पिशवीत, नि त्या वाऱ्याच्या तोंडावर बांधायचो. संध्याकाळी सुकलेली घेऊन जायचो. मला वाटलं, कुणाचं काय जातंय. मशीन त्यानं बसत असेल असं डोक्यात नाय आलं, आईशप्पथ."

"अहो, वारं बाहेर निघायचं भोकच बंद केलंत!" पाठारे म्हणाला. "तेच वारं फिरून आत. वर पाणी. करंट बसला असता एखाद्या दिवशी, पेनवालीला नि तुम्हालाबी. मी येणार म्हणून काढत होतात काय?"

"लोकं हसतील म्हणून."

आणि कमळूची पोरं हसलीच. त्यांच्याकडं मी फक्त पाहिलं. त्यांचं हसू तिथंच विझलं.

सुरेंद्र रत्नाकडं वळला नाही. तो यमाजीसमोर जाऊन उभा राहिला, हातात ती सुतळी तशीच लोंबत. माझ्या घराण्यातला पुरुष वाडीवरच्या माणसासमोर असा उभा राहिलेला मी आजवर पाहिला नव्हता. माझ्या नवऱ्याला ते आवडलं नसतं. मला आवडलं.

"यमाजीकाका, चूक पोरीची नाय. माझी. मी तिला सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. तिचा हात चांगलाय. तिनं राहावं. तुमी न्यायचं म्हटलंत तर मला तोंड नाय थांबवायला."

यमाजी सुतळीवरच्या लंगोटाकडं बघत होता. त्यानं हात पुढं केला, एक कोपरा दोन बोटांत धरून चिमटला, वाळला का ते बघितल्यासारखा.

"तुमी धुता?"

"धुतो."

"हाताला साबण लावून?"

"व्हय."

यमाजीनं लंगोटाचा कोपरा सोडला. मग म्हणाला, "हिची मी धुवायचो. ही भट्टीवरच झाली. माझी बायको तापानं पडलेली, दुसरं कोण व्हतं? मुकादम हसायचा. भाजलेल्या विटांचा ढीग असतो ना, त्याच्या उबेला ठेवायचो वाळत. लाल डाग पडायचे. लई घासलं तरी जायचे नाय."

रत्नाच्या हातातलं पेन पाटीवर टेकलं होतं आणि पडद्यावर एक ठिपका मोठा होत चालला होता. तिला हे कुणी कधी सांगितलं नसावं.

"बाबा," ती म्हणाली, "मला काय ठाऊक नाय हे."

"तुला काय करायचंय ठाऊक करून."

पाठारेनं कपाटाचं मागचं दार सताड उघडं ठेवलं. मशीनला थोडा वेळ लागला. मग रत्नानं उंदराची शेपटी पुसली, आणि पुसणं हाताबरोबर गेलं. तिनं पुन्हा काढली. शेपटी सुरेख वळणाची, पेनाच्या टोकाला चिकटून आली, आणि कमळू तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आयला."

सुरेंद्र अजून सुतळी हातात धरून उभाच होता. मी ती त्याच्याकडून घेतली.

"ओली आहेत अजून. ही कुठं बांधायची आता? तुझ्या खोलीतले ते फोटोचे मोठे दिवे आहेत ना, ते लाव. आणि रत्नाला आता शेंडा-बुडखा नसलेलं काही बोलायचं नाय. बोलायचं असेल तर आधी मला विचार."

"व्हय आये."

"आणि लंगोट पिळून आणत जा. पाणी किती ठेवतोस रे."

यमाजी हसला. दात फार थोडे राहिले होते, तरी हसला. त्याच्यासाठी मी चहा मागवला, साखर जास्त घालून. तो त्यानं दाराजवळच बसून, बशीत ओतून, सावकाश प्यायला. पोरीकडं एकदाही पाहिलं नाही. तीही मान वर करत नव्हती, मखराला रंग भरत होती.

बशी त्यानं पायरीवरच्या पागोळीत धुऊन आणून गल्ल्यावर ठेवली.

"येतो बाय."

"पोरीला काही सांगायचंय?"

त्यानं विचार केला. "नाय," म्हणाला. मग इरलं उचललं, डोक्यावर घेतलं, आणि तो एकटाच पायरी उतरून पावसात चालू लागला.